दुधाचा डाग

"हॅलो?… एल्सी, मी मेबल. केसिकहून… हो, हो, बरी आहे. अगं ऐक ना, पणजीचा तो कागद कुठाय?"

धाकट्या बहिणीनं आधी गुडघेदुखीचं काढलं. मेबल रिसीव्हर घट्ट धरून उभी. दुसऱ्या हातात चिठ्ठी, आज सकाळी पणजीच्या पेन्सिलींच्या डब्याच्या तळाशी सापडलेली.

"तोच गं. पुढं तळ्याचं चित्र, मागं बाळाचं… वीक ना, मी कुठं नको म्हणते? पण बाळावरचा तो पिवळा डाग… त्याला कुणाला हात लावू देऊ नकोस."

डागाला गिऱ्हाईक नाक मुरडतं, असं एल्सीचं म्हणणं.

"ओल नाहीये ती. दूध आहे… दूध! पेन्सिलीच्या रेघा पुसल्या जाऊ नयेत म्हणून फिरवायचे कागदावर, साय काढलेलं… हो, पणजीसुद्धा. प्रवाशांना विकायची ना ती तळ्यांची चित्रं."

पेन्सिलींची वाण नव्हती. नवरा पेन्सिलींच्या कारखान्यात, तुकडे घरी यायचे. कागद महाग, त्यावर सरकारचा कर. म्हणून पाळण्यातलं पोर गेलं तेव्हा पणजीनं पावसानं नासलेलं, कुणी न घेतलेलं तळ्याचं एक चित्र उलटं केलं आणि मागं त्या बाळाचं चित्र काढलं. एवढं दोघींना लहानपणापासून ठाऊक होतं.

"पुढचं ठाऊक नव्हतं. चिठ्ठीत आहे. वाचू?… 'घरात दुधाचा थेंब नव्हता. माझं मात्र थांबत नव्हतं. तेच त्याच्यावरून फिरवलं.'… एल्सी?"

एल्सीनं घाईघाईनं पेनरिथ गावच्या, जुनी चित्रं साफ करणाऱ्याचं नाव घेतलं.

"कुणाकडं दिलास? पेनरिथच्या?… डाग काढायला. कधी?… गेल्या शुक्रवारी."

मेबल जिन्याच्या पायरीवर बसली.

"कोमट पाणी… आणि साबण… हं… हं. म्हणजे डाग गेला."

तिनं चिठ्ठी गुडघ्यावर सरळ केली.

"आणि तोंड?… रेघा डागाबरोबरच… सगळ्या?… मूठ पण?"

एल्सी रडत होती. तळं मात्र शाबूत आहे, दुप्पट किंमत येईल, असंही मध्येच म्हणत होती.

"नाही गं, तुझ्यावर कशाला रागावू? तुला कुठं माहीत होतं… हो. मागची बाजू कोरी… अगदी पांढरी, म्हणतेस… बरं. ठेवते."

निजलेल्याला जाग येऊ नये, इतक्या हळू तिनं रिसीव्हर खाली ठेवला.