नदीपलीकडचा दर

नर्सच्या नोंदणीचं नूतनीकरण होतं त्या खिडकीपाशी माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. एक पिकल्या केसांची. दुसरी तिच्या हाताखाली शिकून आता त्याच हॉस्पिटलच्या नदीपलीकडच्या शाखेत लागलेली.

“ताई, मागच्या महिन्यात तुम्ही आमच्याकडे आला होतात ना?”

“हो, तीन दिवस. तुमच्या नव्या मुलींना शीरच सापडत नव्हती. टोचून टोचून पेशंटचे हात काळेनिळे केले होते!”

“त्यांचा पगार माहितीये?”

“असेल माझ्या निम्मा.”

“तुमच्यापेक्षा आठ हजार जास्त.”

“काहीतरीच काय!”

“खरंच. पहिल्या दिवसापासून.”

“अगं, बावीस वर्षं झाली मला! मालक तोच, गणवेश तोच...”

“नदीपलीकडचा दर वेगळा आहे, ताई.”

“का? तिकडच्या माणसांच्या शिरा वेगळ्या असतात?”

“मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

“आणि सोमवारी परत बोलावलंय मला. उरलेल्या मुलींना शिकवायला!”

“ताई, नंबर आला तुमचा.”

“भाऊ, फी किती? मी नदीच्या अलीकडची, ही पलीकडची.”

“त्यानं काय फरक पडतो, बाई? नर्स ती नर्स. फी सगळ्यांना सारखीच.”