दारापर्यंत चालून दाखवा

डोळे मिटता येतात, कान थोडेच मिटतात! गडचिरोलीच्या मोटरसाठी रांगेत उभ्या नानाजीला मागच्या दोन जावांचं बोलणं ऐकावंच लागलं. थोरली गुणाबाई, धाकटी कमळा.

"काय म्हने साहेब, बाई?"

"नाई म्हने. बैलबंडी बाजाराच्या आत न्याचा परवाना फक्त लंगड्या-पांगळ्याइले. बाकीच्याइनं नाल्यापाशीच सोडाची."

"तुमची कंबर दुखते, सांगतलं नाई?"

"सांगतलं ना. म्हने, दारापर्यंत चालून दाखवा."

"मंग?"

"चालली."

"लंगडत ना?"

"सरळ चालली व. पदर सावरून."

"काऊन बाई? रात्री कुशीवर वळता येत नाई तुमाले!"

"सारे मानसं पाहून राह्यले होते, कमळे. त्याइच्यासमोर कन्हत चालू का?"

"आता नाल्यापासून वांग्याचं टोपलं कोन आनन?"

"मीच. दुसरं कोन?"

धुरळा उडवत मोटर आली.

"पायरी उंच हाये व. हात दे मले."

"घ्या."

"असा नोको. पदराखालून धर. लोक पायतात."

त्या दोघींना पुढे जाऊ देत नानाजी रांगेतून बाजूला झाला आणि पाठ फिरवून रस्त्यापलीकडच्या सागांकडे पाहत उभा राहिला.