डाव्या बटणाचा बिघाड

खराडीत सॉफ्टवेअरमधले दोष शोधण्याचा पगार घेतो ना मी, त्याची परवा नारायण पेठेत पार शोभा झाली. जुन्या व्हिडिओ गेमवर पिनबॉल खेळताना, म्हणजे डाव्या-उजव्या बटणांनी बॉल वर उडवत ठेवताना, माझा बॉल दर वेळी डावीकडूनच खाली जायचा. म्हणून गेम आणि त्याचा रिमोट घेऊन दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो.

"अहो, डावं बटण उशिरा चालतंय. मी यातलाच आहे, खात्रीने सांगतो."

काकांनी गेम दुकानातल्या टीव्हीला जोडला आणि गिऱ्हाइकांशी बोलत बोलत दहा मिनिटं खेळले. बॉल एकदाही पडला नाही. मग रिमोट माझ्या हातात दिला. माझा बॉल लगेच डावीकडून खाली.

काका शांतपणे म्हणाले, "बिघाड आहे खरा. रिमोट घरी पाठवा, दुरुस्तीला तुम्ही थांबा."