गाण्याखालचं नाव

"हॅलो?… हॅलो, कोण?… वर्षा? अगं, वर्षाच की ही! थांब, थांब, मिक्सर बंद करतो."

संयोगितानं मिक्सर बंद केला आणि ओल्या हातानंच फोन पुन्हा कानाला लावला. धाकट्या बहिणीचा फोन, बडोद्याहून कोल्हापूरला, भर दुपारी आणि तोही आपण होऊन! एवढ्या वर्षांत वर्षाराणीचे फोन आले ते सणासुदीला, 'आई कशी आहे' एवढं विचारून आटोपणारे.

"बोल गं… व्हय, व्हय, बरी हाय आई. दारात बसलीया, खुर्ची टाकून… अगं, ओरडालीस कशाला? ऐकू येतंय मला… कुठली रील?… कालची?… तू बघितलीस? वर्षे, खरंच बघितलीस?"

तिचा आनंद आवाजात मावेना. समोरचा आवाज रागानं चढलाय, हे कळायलाही तिला जरा वेळच लागला.

"काय झालं?… लाज कसली?… अगं, ऐक ना… माझं ऐकशील का आधी?… व्हय, टाकलीया. माझ्याच पेजवर टाकलीया. निम्मी राजारामपुरी बघती ते पेज. आई टीव्हीवरच्या बातम्यावाल्याला 'जेवलास का' विचारतीया, ती रील तर लोकांनी… न्हाय, ती न्हाय. कळलं. कालची म्हणतीस तू… पदर… व्हय. न्हवता पदर. मान्य."

वर्षाचं बोट नेमकं दुखऱ्या जागी लागलं होतं. आईनं, म्हणजे अंबूबाईंनी, उभ्या जन्मात डोक्यावर पदर घेतल्याशिवाय दूधवाल्यालासुद्धा दार उघडलं नव्हतं. त्यांना विसरण्याचा आजार जडला आणि संयोगितानं हे पेज सुरू केलं, तेव्हाच तिनं मनाशी एक नेम केला होता. आधी आईचा पदर नीट, तोंडात कवळी, मगच फोन वर. न्हाणीघरातलं काही नाही, आणि रडणं तर नाहीच नाही. कालच्या रीलमध्ये मात्र आई मोकळ्या केसांनी, पदर फरशीवर लोळत असताना, बंद दारावर थापा मारमारून रडत होती. नेम मोडला होता, आणि तो तिनं समजून-उमजून मोडला होता.

"लाइकसाठी? वर्षे, तोंड सांभाळून बोल हं!… अगं, बायकांचे मेसेज आलेत मला. गडमुडशिंगीची एक बाई म्हणाली, ताई, माझ्या सासूचं अस्संच चाललंय, मी हात उगारलता तिच्यावर, आता न्हाय उगारणार… हे काय वाईट झालं?… त्यासाठी आपलीच आई कशाला, म्हणतीस… व्हय… बरोबर हाय की. न्हाय कुठं म्हणालोय मी?… काय? कुठल्या ग्रुपवर?… बडोद्यातल्या कोल्हापूरकरांच्या? त्यात कशी गेली ती?… गाणं? कसलं गाणं? माझ्या रीलला गाणं न्हाय गं… ढोल?… ती थापा मारतीया, त्यावर ढोल?… आणि खाली हसणारी तोंडं… धैर्यशीलरावांनी, तुझ्या नवऱ्यानंच दाखवलं तुला?… पाठव मला. न्हाय, नको पाठवू… पाठव."

वर्षानं पाठवलं आणि तिनं पाहिलं. कुणा रिकामटेकड्यानं आईच्या एकेका थापेवर ढोलाचा एकेक ठोका बरोब्बर बसवला होता, वर एक नाचरं गाणं चढवलं होतं. काम मोठं चोख होतं मेल्याचं! संयोगिता ओट्यापाशीच फरशीवर बसली.

"हॅलो… हाय मी, हाय… बघितलं… काढतो. आत्ता काढतो. थांब जरा… गेली. माझ्या पेजवरनं गेली बघ. पण त्याच्याकडची कशी काढू गं? त्याला मी ओळखतबी न्हाय… चुकलं माझं. एकदा दाराबाहेर सोडलं की आपलं काय राहत न्हाय, हे कळायला पाहिजे होतं मला. निदान फोन खाली ठेवून तिला आधी सावरायची तरी… व्हय… चुकलं म्हणालो की. किती वेळा म्हणू?… का टाकली? तू विचारालीस व्हय मला?… तुझ्यासाठी टाकली."

संयोगितानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो?… हायस का?… तुझ्यासाठी गं. मी फोन केला की तू मीटिंगमध्ये. म्हटलं, कामावरनं आल्यावर तरी बघत असशील. सगळ्या रील तुझ्यासाठीच तर… काय?… एकबी न्हाय बघितलीस?… एकबी?… बरं… न्हाय, राग न्हाय. मीच आपलं रोज टाकायचो, आणि कुणी-कुणी बघितली ती नावं बघत बसायचो. म्हटलं, दुसऱ्या नावानं का हुईना, असंल ह्यात कुठंतरी."

आई जिला दाखवायची होती, ती एकटी सोडून साऱ्या गावानं पाहिली होती. बहिणीची एवढी आठवण यावी आणि तिच्याशी बोलायला असलं काही घडावं लागावं, याचं तिला फार फार वाईट वाटलं. पदराच्या टोकानं नाक पुसता पुसता ती एकदम थांबली.

"वर्षे, थांब. म्हणजे कालची तू ती ढोलाचीच बघितलीस? माझी मूळची न्हायच?… मग तुला ऐकूच आलं नसणार. ती काय म्हणत होती ते… अगं, ढोल त्यानं वरनं घातलाय! त्या गाण्याखाली तुझं नाव हाय."

वर्षानं ते नाव पुन्हा विचारलं.

"तुझं, तुझं. दुसरं कुणाचं? 'वर्षा आली न्हाय अजून, पोर उन्हात उभी असंल, दार उघडा'… रोज चालतंय. खाली क्लासची पोरं सुटली की तिला वाटतं, तुझी शाळा सुटली. आवाज बसस्तोवर हाका मारती… कसलं 'तोंड दाखवू नकोस'? ते ती बोलली हे तुला आठवतंय, तिला न्हाय! तुझं लग्न, ते भांडण, सगळं पुसून गेलंय. तू तिकडं राग धरून बसलीस, आणि जिच्यावर धरलास ती इकडं तुला शाळेतनं आणायला निघालीया… खोटं कशाला बोलू? फोनमधी हाय ती रील अजून माझ्या. पण तिची काय गरज, आईच बसलीया की दारात."

आता फोनमधून जे येत होतं त्याला बोलणं म्हणता आलं नसतं. संयोगितानं ते येऊ दिलं. लहानपणीही वर्षा रडायला लागली की मधे बोललेलं तिला खपत नसे.

"रड… रड बाई… पण ऐक. डॉक्टर म्हणाले, नावं एकेक करून जाणार. माझं गेलं दिवाळीत. मला 'अहो बाई' म्हणती. आंघोळ घालतो, भरवतो, वेणी घालतो, आणि ती म्हणती, 'बाई, तुम्ही लई चांगल्या हाय. तुमची आई कुठं असती?'… हसालीस का रडालीस?… मीबी हसतो की कधीकधी. आणि कधीकधी वाटतं, एकदा, एकदाच 'संयू' म्हणावं तिनं. मग मला काय नको… पण तुझं नाव हाय अजून तिच्याकडं. किती दिवस ते सांगता येत न्हाय. म्हणून टाकली गं. पदराचं मला कळत न्हवतं असं न्हाय. म्हटलं, गेला पदर तर गेला, वर्षाच्या कानावर एकदा जाईल तरी… काय?… आत्ता? बोलतीस?… थांब, देतो. ठेवू नको हं. मोठ्यानं बोल."

ती धडपडत उठली. दारात अंबूबाई जिन्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. "वर्षाचा फोन हाय, आई," असं म्हणून संयोगितानं फोन त्यांच्या कानाला लावला आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. म्हाताऱ्या बोटांनी फोन घट्ट धरला.

"कोण?… कोण बोलतंय?… हां… कुठनं?… बडोदा? लई लांब की ओ… आँ?… अहो बाई, रडताय कशाला?… गप, गप. असं रडू न्हाय… घरात कुणी बोललं का तुम्हाला?… हुईल, हुईल समदं नीट… बरं, पण ठेवा आता तुम्ही. माझ्या वर्षाचा फोन यायचाय. लाईन अडवून ठेवू नका."

एवढं बोलून त्यांनी फोन मांडीवर पालथा ठेवला, त्यावर हात ठेवला आणि तो वाजायची वाट बघू लागल्या. त्यांच्या तळव्याखालून बारीक आवाज येतच होता. संयोगितानं हळूच त्यांचा हात उचलला आणि फोन काढून घेतला.

"वर्षे… ऐकलंस न्हवं?… न्हाय, परत फोन करू नकोस. तुझा आवाज तिनं पोरीचा ऐकलेला, आता तू बाई झालीस. न्हाय ओळखणार त्यावरनं. तोंड बघून ओळखंल कदाचित… सुट्टीचं मग बघू, रिझर्व्हेशनचं मग बघू. नाव हाय तोवर येऊन उभी ऱ्हा तिच्यापुढं… निघ. असशील तशी निघ. ठेवतो."