हिरवा चौकोन

दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या ड्रायव्हरला हसणं परवडणारं नव्हतं. आणि शेजारी बसलं होतं एक जोडपं, मांडीवरच्या लॅपटॉपात एक्सेल उघडून, लेकीच्या लग्नात जेवणाच्या टेबलांवर कुणाला कुठे बसवायचं ते ठरवत.

"हे बघ, मावशीच्या नावावर क्लिक केलं, की तिचं ज्यांच्याशी वाकडं आहे ते चौकोन आपोआप लाल."

"अगं बाई! अर्धा हॉल पेटला की!"

"आणि जो शेजारी हवाय, तो हिरवा."

"आता तुमच्या नावावर करा."

"माझं कशाला?"

"करा हो."

"घे. झालं समाधान?"

"एकच लाल. दादा. सख्खा थोरला भाऊ, आणि बसवलाय कुठे, तर हात धुवायच्या बेसिनपाशी!"

"आधी त्याने बोलावं. तोंड त्याने फिरवलंय."

"बरं, दादांच्या नावावर करा."

"माहितीये, मीच लाल होणार."

"करून तर बघा."

"...हे हिरवं कसं झालं? बिघडलं वाटतं."

"काही बिघडलं नाही. सगळ्यांना विचारून भरायचं काम माझ्याकडे होतं ना? काल दादांना फोन केला."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, त्या गाढवाशेजारीच बसव मला. लेकीच्या लग्नात ढसाढसा रडणार तो, धरायला कोण आहे?"

ड्रायव्हरने गाल आणखी घट्ट धरला.

"पुढचा पेशंट!" आतून हाक आली.

"तुम्ही जा हो आधी," नवरा ड्रायव्हरला म्हणाला. "मला जरा एक फोन करायचाय."