ढिले शिंपले

मुलगी : बाबा, खरं सांगा. याला हात कोणी लावला?

बाबा : मी. का? वाजायला लागलं ना नीट?

मुलगी : नीटच वाजतंय हो! तेच तर चुकलंय! हे नीट वाजायला नको होतं!

बाबा : आता हे नवीनच ऐकतोय. तू चहा आणायला गेलीस, मी इथे पडद्यामागे रिकामा बसलेलो. म्हटलं, बघू तरी पोरगी काय वाजवते. फळी मांडीवर घेतली, त्या लोखंडी पट्ट्या अंगठ्यानं छेडल्या, तर मेलं खरखर करतंय! उलटं करून पाहिलं. खालचे शिंपले सगळे ढिले. म्हटलं, चिंगीचा एवढा मोठा कार्यक्रम आणि वाद्य असलं खुळखुळं? एकेकाखाली गोंदाचा थेंब सोडून दिला.

मुलगी : कुठला गोंद?

बाबा : आपला नेहमीचा. लिफ्टच्या दाराचं रबर चिकटवतो तो.

मुलगी : निघतो ना?

बाबा : दार निघून येईल एक वेळ, गोंद नाही निघायचा.

मुलगी : बाबाऽऽ! अहो, ते शिंपले मुद्दाम ढिले बांधतात. ती खरखर म्हणजेच त्याचा आवाज!

बाबा : मुद्दाम? मुद्दाम कोण ढिलं ठेवतं? माझा जन्म गेला लिफ्टची खरखर बंद करण्यात आणि तू ती तिकीट लावून ऐकवणार?

आत्या : अगं चिंगे, हॉल गच्च भरलाय! लोक गाद्यांवर आडवेसुद्धा झाले, पडूनच ऐकायचं म्हणे. तिकीट काढून झोपायला आलेली माणसं मी पहिल्यांदाच पाहतेय! माझी जागा पकडून ठेवलीय हो मी, वर पर्स ठेवून. आणि तुम्ही बापलेक असे काय उभे, कुणी मुस्काटात मारल्यासारखे?

मुलगी : आत्या, तुझ्या भावानं माझे शिंपले चिकटवून टाकले.

आत्या : अग बाई! तरी म्हटलं, अजून काही कसं केलं नाही यानं! लहानपणी माझ्या बाहुलीचे डोळे चिकटवले होते. का, तर म्हणे सारखी उघडझाप होते!

बाबा : ताई, तू गप्प बस. चिंगे, पण खरखरच हवी तर थोडी कमी झाली म्हणून काय बिघडतं? दुसरी ढीगभर वाद्यं आहेत की. ती पितळी वाडगी आहेत, तो बांबू आहे, तो लांबलचक लाकडी भोंगा आहे...

मुलगी : सगळे डोळे मिटून वाजवतात बाबा. ना ताल, ना चाल. अंधारात आधी माझी एकटीची खरखर. ती हळूहळू विरत गेली की तिथून वाडग्यांनी सूर उचलायचा, वाडग्यांच्या घुमण्यावर भोंगा. माझीच सुरुवात गेली तर सगळं गेलं. आणि... आणि आजच जायला हवं होतं का?

आत्या : अगं, डोळ्यांत पाणी कशाला?

मुलगी : मी नोकरी सोडल्यापासून हे एकदाही मला ऐकायला आले नाहीत. आज आले. सकाळपासून पाय जमिनीवर नाहीत माझे, भेटेल त्याला सांगतेय, माझे बाबा येणारेत! आज मला चांगलं वाजवायचं होतं गं. यांच्यासमोर.

बाबा : पूस ते डोळे. पूस आधी. किती वेळ आहे?

मुलगी : दहा-पंधरा मिनिटं.

बाबा : रगड आहे! ताई, ती माझी हत्यारांची पिशवी दे इकडे. ही तार. हे वायसर. पातळ बघून घेतो. तारेत ओवायचे, तार फळीला खालून आवळायची... हं, छेड.

मुलगी : नाही हो. गच्च बसलेत.

बाबा : आता?

मुलगी : अजून सैल.

बाबा : अजून? हे बघ, हात ऐकत नाहीत माझे, आपोआप पिळतात. आता?

मुलगी : अजून!

बाबा : एवढं सैल ठेवलेलं साहेबानं पाहिलं तर उद्या घरी बसवेल मला. घे. छेड.

आत्या : अय्या! वाजलं!

मुलगी : थांबा, परत. ऐका, ऐका! बाबा, हे शिंपल्यांपेक्षा बारीक आहे! सूर संपला तरी मागे रेंगाळतंय! अहो, हे भारी आहे!

बाबा : आहे ना? आयला, मजा आहे की याच्यात! थांब, या टोकाला अजून एक टाकतो.

मुलगी : पुरे, पुरे! घंटा झाली. जा आता, गादीवर जाऊन पडा.

बाबा : मी आपला या पडद्यामागेच थांबतो, पक्कड घेऊन. तार मध्येच सुटली तर?

मुलगी : सुटली तर मी बघेन.

बाबा : अगं, मला नाही जमत ते आडवं पडणं. डोळे मिटले की माझे कान दुप्पट चालतात. घरात फ्रिज जरा वेगळा घुरघुरला तरी मी उठून बसतो. कुठे काही वाजलं की...

मुलगी : वाजू दे. काहीही वाजलं तरी तुम्ही उठायचं नाही. आत्या, धरून ठेव यांना.

आत्या : चल रे. पाय पसर आणि निमूट पड.

(तासाभरानंतर. हॉलमधले दिवे लागले आहेत.)

आत्या : चिंगे, काय वाजवलंस गं! अंगावर काटा आला आणि इतकं शांतही वाटलं, दोन्ही एकदम! शेजारची बाई तर मुसमुसून रडली, मग माझ्याच रुमालाला डोळे पुसून गेली.

मुलगी : बाबा कुठायत? काय म्हणाले?

आत्या : म्हणतोय कसला! तो बघ.

मुलगी : बाबा... अहो बाबा. उठा. संपलं.

बाबा : अं? कुठली लिफ्ट अडकली?

मुलगी : कुठलीच नाही. कार्यक्रम संपला. झोपलात तुम्ही.

बाबा : मी? छे!

आत्या : घोरत होतास. भोंगेवाला एकदा दचकून थांबला.

मुलगी : म्हणजे ऐकलंच नाहीत.

बाबा : ऐकलं की! सुरुवातीची खरखर सगळी ऐकली. वायसर झकास बोलत होते. मग वाडगी घुमायला लागली... आणि तेवढ्यात काहीतरी टक् झालं.

मुलगी : माझा अंगठा घसरला तिथे.

बाबा : मी उठणारच होतो. कोपरावर उठलोही होतो.

आत्या : मी नाही हो धरलं. माझे डोळे मिटलेले.

मुलगी : मग?

बाबा : मग वाटलं, आपली पोरगी आहे ना तिथे. ती बघेल.

मुलगी : आणि?

बाबा : आणि काय... पडलो परत.