इन्स्पेक्टरचा चहा

रिसोड-वाशीम गाडीत प्रियदर्शनीनं पुस्तक उघडलं खरं, पण कान गेले पुढच्या बाकावर. तिथं मेथीची टोपली घेऊन भाजीवाले गुलाबराव आणि त्यांची बायको आवडाबाई बसले होते.

“येका वक्ती तीन-तीन पुस्तकं कायले वाचता तुमी?”

“गोठ्यात खुनाचं, मोटरीपाशी मिरचीच्या रोगाचं, बाजेवर पोथी. जागा तसं वाचन, आवडे.”

“संपते का येक तरी?”

“खुनाचं तं सरकूनच नाही राह्यलं. इन्स्पेक्टर रोज त्या मावशीच्या घरी चहाच पेते. मले वाटलं, लेखकच इसरभोळा हाये.”

“लेखक नाही. पानातलं खुणेचं मोरपीस मीच रोज मागं सरकवून राह्यली.”

“काहून?”

“तेच पुस्तक मीबी वाचून राह्यली. तुमचं आधी संपते, आन तुमी मले शेवट सांगून टाकता. आता माह्यं येकच पान राह्यलं.”

गुलाबरावांनी टोपलीतली मेथीची जुडी सरळ केली.

“चहाचं पान रोज वाचलं, तं येक ध्यानात आलं. ती मावशी सोता येक घोटही पेत नाही.”

“मंग?”

“मंग काय, तिनंच मारलं.”

आवडाबाईंनी टोपली उचलून त्यांच्या मांडीवर आदळली.

“वाशीम येईपर्यंत तोंड उघडू नका.”

मागच्या बाकावर प्रियदर्शनीनं आपलं अर्धवट वाचलेलं खुनाचं पुस्तक हळूच ओढणीखाली झाकलं.